स्टेपनीची क्वार्टर

शेळीला सडं दोन असतात. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचा सगळा घोटाळा समजायला सोपा जातो. गाईला चार, म्हशीला चार, कुत्रीची तर मोजत बसावी लागतात. शेळी-मेंढीच्या वेळी मात्र देवाने हात आखडता घेतला. बरं, सडं दोन तर पिलंही दोनच द्यावीत. पण आमची काळी पडली उस्मानाबादी. जिल्ह्याचं धाराशिव झालं, शेळी अजून कागदोपत्री उस्मानाबादीच आहे. जुळं देणं हा या जातीचा लौकिक, आणि लौकिकाला जागण्याच्या भरात ती कधीकधी तिळंही देते. काळीने दिलं. पहिले दोन बोकड उतरले ते तडक एकेका सडाला लागले आणि जागा सोडायला तयार होईनात. मागून आली ती पाट. रिकामं सड शोधत ती आईच्या पुढच्या पायांत धडपडत राहिली, तेव्हा माझ्या नातीने तिथल्या तिथे तिचं बारसं उरकलं: स्टेपनी.

पहिली निकड चिकाची होती. करडू जन्मतं ते रोगाशी लढायचं काही सामान बरोबर न आणता. ते सगळं चिकातून मिळतं आणि आतडं ते पहिले काही तासच आत घेतं. सहा तासांत चीक पोटात गेला तर उत्तम. दिवस उलटल्यावर कितीही पाजा, ते नुसतं दूध. काळीचा चीक बोकडांनी संपवलेला. पण शेजारच्या नानींची गाय आदल्याच दिवशी व्यालेली होती आणि रीतीप्रमाणे चिकाचा तांब्या आमच्याकडे आला होता. गाईचा चीक करडाला चालतो. अडचण एवढीच, की ह्यांनी तोवर गूळ किसायला घेतला होता.

चीक साठ अंशांच्या वर तापला की आळतो. त्यालाच आपण खरवस म्हणतो. म्हणजे वासराची रोगप्रतिकारशक्ती कुकरमध्ये शिजवायची, वर वेलदोड्याची पूड भुरभुरायची आणि "जरा गोड कमी झालाय" म्हणत खायची. मी हे सगळं समजावून सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अर्धा तांब्या तरी?" शेवटी पाटीसाठी भरपूर काढून ठेवला आणि उरलेल्याचा वाटीभर खरवस झाला. तो खाताना घरात खरं अनाथ कोण, असा प्रश्न पडावा असा ह्यांचा चेहरा होता.

आता पाजायचं कशाने? सासूबाईंचं वय नव्वदीच्या पुढे. त्या म्हणाल्या, "बोळा आणा." जुन्या धोतराची चिंधी दुधात भिजवून तोंडात द्यायची, पिलू चोखतं. ह्या बोळ्यावर त्यांनी निम्मी आळी जगवली म्हणे. स्टेपनीने दोन घोट चोखून बोळाच गिळायला घेतला. 'मी काही बोळ्याने दूध पीत नाही' असं माणसं नुसती म्हणतात, हिने करून दाखवलं. मग सासूबाईंनी ट्रंकेतून चांदीचं बोंडलं काढलं. ह्यांनी लहानपणी दूध प्यायलं ते. "ते माझं आहे," हे म्हणाले. निवृत्त सर्कल ऑफिसरने चांदीच्या वाटीसाठी एवढं कासावीस व्हावं याचं मला नवल वाटलं, पण मी बोलले नाही, कारण तेवढ्यात गुरांचे डॉक्टर आले आणि त्यांनी बोंडलंच बाद केलं.

त्यांनी सांगितलं ते माझ्या मनात पक्कं बसलं आहे. करडाच्या पोटात चार कप्पे. दूध जायला हवं चौथ्यात. मान वर ताणून, सड ओढून पिलू चोखू लागलं की अन्ननलिकेच्या टोकाला असलेल्या पन्हळीच्या दोन्ही कडा आपोआप मिटतात, तिची नळी होते आणि दूध पहिले कप्पे टाळून थेट चौथ्यात उतरतं. तोंडात ओतलेलं दूध मात्र वाट चुकून पहिल्या कप्प्यात पडतं आणि तिथे आंबतं. किंवा त्याहून वाईट, श्वासनळीत जातं. म्हणजे पिलाने चोखलं पाहिजे. आपण ओतायचं नाही. अगदीच मान टाकलेलं, चोखायची ताकद नसलेलं कोकरू असेल तर डॉक्टर लवचिक नळी थेट पोटापर्यंत घालतात, पण तेही आधी त्याला ऊब देऊन. गारठलेल्या पिलाला दूध पचत नाही.

मी ह्यांना घेऊन औषधांच्या दुकानात गेले. "बाळाची बाटली द्या."

"बाळ केवढं आहे बाई?"

"अडीच किलो."

"वजन कमी आहे. कुठल्या हॉस्पिटलात झालं?"

"गोठ्यात."

दुकानदार माझा विद्यार्थी. तो गप्प झाला. आपल्याकडे १९९२ सालच्या कायद्याने बाटली आणि पावडरच्या दुधाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे त्याने बाटली काउंटरखालून, जपून काढली. सोबत दाखवायला पावडरचा डबा आणला. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापणं सक्तीचं असलेली सूचना होती: आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम. हे म्हणाले, "डबा राहू दे, ही सूचना तेवढी काळीला वाचून दाखव." मी खरंच दाखवली. काळी रवंथ करत राहिली.

माणसाच्या बाळाची बाटली फार टिकली नाही. माणसाचं पोर पिताना आईला ढुशी मारत नाही. करडू मारतं, कारण ढुशी मारली की आई पान्हा सोडते, हे ते पोटातूनच शिकून येतं. शिवाय करडाला खालचे पुढचे दात लवकर येतात. मऊ सिलिकॉनच्या निपलची चाळण झाली आणि एका ढुशीत झाकण उडून दूध ह्यांच्या सदऱ्यावर गेलं. मग दुकानदाराने फडताळामागून जुन्या पद्धतीचं, बाटलीच्या तोंडावर ओढून बसवायचं जाड रबरी बूच शोधून दिलं. १८४५ साली न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट नावाच्या गृहस्थाने रबरी बुचाचं पेटंट घेतलं. त्याआधी युरोपात गाईच्या शिंगाला चामड्याची बोंडी बांधून पोरांना पाजत. परदेशात आता कोकरांसाठी पिवळ्या झाकणाचं लाल बूच मिळतं, त्यात हवा आत घेणारी झडपसुद्धा असते. आमच्या बुचाला झडप नव्हती आणि ते बसेल अशी अरुंद तोंडाची काचेची बाटलीही घरात नव्हती.

ती बाटली कुठे मिळते हे मला चांगलं ठाऊक होतं. ज्या शाळेत मी जन्मभर गणित शिकवलं, तिच्या कंपाउंडलगत सकाळी अशा बाटल्यांचा खच असतो. क्वार्टर. मी पहाटे पिशवी घेऊन गेले, त्यातल्या त्यात स्वच्छ बघून उचलल्या, आणि मान वर केली तर दूधवाला, पेपरवाला आणि माजी सरपंच ओळीने उभे. "पाटीसाठी," मी म्हणाले. माजी सरपंच समजूतदारपणे म्हणाले, "असू द्या बाई. आम्ही कुणाला बोलणार नाही." दुपारपर्यंत ते सगळ्यांना बोलून झालं होतं.

पण क्वार्टरसारखं माप नाही, हे मी गणिताची शिक्षिका म्हणून सांगते. करडाला रोज वजनाच्या साधारण पंधरा टक्के दूध लागतं. अडीच किलोला पावणेचारशे मिली. चार वेळा द्यायचं, म्हणजे एका वेळी ९४. क्वार्टर १८० ची, तिची निम्मी ९०. वरचे चार मिली हनुवटीवर सांडायला. सोड्याने धुऊन, उकळून घेतली की बाटली चकचकीत. फक्त लेबल काही केल्या निघेना. त्यामुळे स्टेपनीच्या डोळ्यांसमोर दिवसातून चार वेळा 'मद्यपान आरोग्यास हानिकारक' आणि 'पिऊन वाहन चालवू नका' या सूचना नाचत. डब्यावर आईचं दूध प्या, बाटलीवर काहीच पिऊ नका. सरकारने पाटीला एवढा सल्ला दिला, दूध मात्र आम्हीच दिलं.

भाषेवर व्हायचा तो परिणाम झालाच. पोस्टमन दारात असताना हे ओसरीवरून ओरडत, "तिची सकाळची नव्वद झाली का?" आतून सासूबाई, "झाली, पण अजून मागतीय!"

खरा वाद झाला तो भोकावरून. लेकराच्या बुचाचं भोक बारीक. करडू ओढून ओढून थकतं आणि वारा गिळतं. मोठं केलं तर दूध धारेने जाऊन ठसका लागतो, फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. बाटली उलटी धरली की थेंब पडले पाहिजेत, धार नाही. यासाठी सुई गॅसवर लाल करून बूच भोसकतात. सुई कुठली, यावर घरात तीन मतं: सासूबाईंची गोधडीची, ह्यांची दाभण, माझी साधी शिवणाची. दाभण मी नजरेआड केली.

दुसरा वाद उंचीचा. बाटली शेळीच्या कासेच्या उंचीवर, म्हणजे माणसाच्या गुडघ्याएवढी धरायची, म्हणजे मान हवी तेवढीच वर ताणली जाते. हे उभे राहून, छातीशी बाटली धरून ध्वजवंदनाला आल्यासारखे पाजत. त्यांना खाली बसवावं लागलं. उकिडवं बसून, दूध कोमट, साधारण अंगाच्या उबेएवढं, आणि शेपूट बघत राहायचं. शेपूट तुरूतुरू हलली की दूध जातंय. हे एवढं खात्रीचं मीटर कुठल्या कंपनीला बनवता आलेलं नाही.

कंपन्यांनी बाकी पुष्कळ बनवलंय. परदेशात मोठ्या कळपांसाठी भोवती बुचं लावलेल्या बादल्या मिळतात. पावडर आणि कोमट पाणी थोडं थोडं कालवून रात्रंदिवस बुचांपर्यंत पोचवणारी यंत्रंही आहेत. धनगरांचं यंत्र याहून सोपं. दीर शेतात मेंढरं बसवून घेतात तेव्हा मी पाहिलंय. मेंढरांत चार-सहा शेळ्या असतातच. चहाला दूध त्यांचं आणि आई मेलेल्या कोकराला दूधही त्यांचंच. धनगरीण शेळीचा पाय गुडघ्यांत दाबते आणि कोकरू मागून लावते, म्हणजे शेळीला वास घेऊन 'हे माझं नव्हे' म्हणायला वावच राहत नाही. इंग्लंडातले मेंढपाळ तर मेलेल्या कोकराचं कातडं अनाथ कोकराला बंडीसारखं घालत, म्हणजे आई स्वतःचं समजून जवळ घेई. माझी स्टेपनी पाहून धनगरीण म्हणाली, "बाटली कशाला वो बाई? शेळी धरा की." "तिची सडं दोन आहेत," मी म्हणाले. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी विषय बदलला.

पण सडांचा प्रश्न माझा एकटीचा नाही. ज्याने टेलिफोन शोधला, त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेललाही तो छळत होता. कॅनडात नोव्हा स्कॉशियातल्या बेन व्ह्रिया इथे त्याची उन्हाळी हवेली होती आणि हवेलीभोवती मेंढ्या. जुळी कोकरं देणाऱ्या काही मेंढ्यांना जादा सडं आहेत असं त्याला दिसलं. मग या थोर संशोधकाने मेंढ्यांची सडं मोजायला घेतली आणि अधिक सडांच्या निवडून, वर्षानुवर्षं पैदास करत चार, सहा सडांच्या मेंढ्या तयार केल्या. १९०४ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याने यावर लेखही लिहिला. जगाला वाटलं हा माणूस रिंग वाजायची वाट बघतोय. हा पहाटे वाड्यात वाकून सडं मोजत होता. हे मी ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याच्या बायकोचं काय म्हणणं होतं?"

आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उलट्या बाजूने सुरुवात केली. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. सुंदरबनातल्या छोट्याशा गरोळ मेंढीकडे जुळ्यांचं जनुक आहे. ते इकडच्या मेंढीत आणून संस्थेने 'सुवर्णा' तयार केली. मेंढपाळाला दोन कोकरं, आनंदीआनंद. हेच जनुक अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांबरोबर तिथल्या मेरिनोतही पोचलं असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. कोकरं वाढवायचं जनुक समुद्र ओलांडून गेलं, सडं वाढवायचं मात्र तेवढं पसरलं नाही. उरलेली पिलं आमच्यासारख्यांच्या ओसरीवर.

हे कधी कुरकुरले, की माणसाने पहाटे उठून शेळीच्या पोरांना का पाजायचं, तर माझ्याकडे उत्तर तयार असे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या अनाथालयांत दाया मिळेनात, तेव्हा तान्ह्या पोरांना थेट शेळीच्या कासेला लावत. १८१६ साली झ्वीअरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरने शेळी हीच सर्वांत उत्तम आणि स्वस्त दाई, असं सांगणारं पुस्तकच काढलं. शेळीने माणसाची अनाथ पोरं पाजली, तेव्हा तिने कुणाला सुईची जाडी विचारली नव्हती. यावर हे गप्प बसत आणि बाटली मागत.

स्टेपनी आता चांगली तीन महिन्यांची आहे. बाभळीच्या शेंगा खाते, सुबाभूळ ओरबाडते, भावांना शिंगावर घेते. दूध केव्हाच तोडलं. पण चीक, पान्हा, काळी, यातलं काही तिच्या लेखी आई नाही. तिची आई म्हणजे क्वार्टर. दिवेलागणीला ती दावं सोडवून घेते आणि देशी दुकानाच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहते. कुणी बाटली घेऊन बाहेर पडला, की त्याच्या मागे.

परवा एक जण तिला कानाला धरून घरी घेऊन आला. जरा झुलत होता, पण तक्रार अगदी मुद्देसूद होती.

"बाई, ही तुमचीच ना? पूर्ण रस्ता ढुशा मारत आलीय. माझी अर्धी सांडली."

"बरं झालं," सासूबाई आतून म्हणाल्या.

"आज्जी, सांडली तर सांडली. पण लोक काय म्हणत्यात, हा आता शेरडालाबी पाजायला लागला. माझ्या अब्रूचं बघा."

ह्यांनी एक शब्द न बोलता खिशातून निम्म्या क्वार्टरचे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. रात्री मी हिशेबाची वही उघडली. रक्कम लिहिलेली होती, आणि समोर, सर्कल ऑफिसरच्या वळणदार अक्षरात: पशुखाद्य.