चव रजिस्टर साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. चव रजिस्टर साहेब,
मुक्काम : मुख्याध्यापकांच्या टेबलाचा डावा खण.

विषय : 'चव चांगली' या शेऱ्याबाबत.

महोदय,

मी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, बघतो. आमच्याकडे टँकर आला की आधी गेटवर थांबतो. सॅम्पल काढायचं, लॅबमध्ये तपासायचं, मगच माल उतरवायचा. तयार ड्रमवर बॅच नंबर पडतो आणि त्याच बॅचची एक बाटली कपाटात राहते, उद्या तक्रार आली तर पुरावा हवा म्हणून. हा सगळा बंदोबस्त, जे कुणीच खाणार नाही अशा मालासाठी.

पोरं शाळेत जे खातात, त्याची चव नोंदवायला आपण आहात.

आपल्याइतकं सातत्य आमच्या कारखान्याला कधी जमलं नाही. आमची एखादी तरी बॅच नापास होते. आपल्याकडे जूनपासून एकही नाही. सरपण भिजलं, डाळ संपली, स्वयंपाकाच्या मावशी तापाने पडल्या, पोरांनी ताटं तशीच सरकवली. शेरा तोच, 'चव चांगली', आणि खाली सही.

१९९५ साली शाळेतल्या पोषण आहाराची योजना आली तेव्हा आपली गरज नव्हती. महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीतून घरी जायचा; त्याला ना चव, ना रजिस्टर. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या असं बजावलं आणि शाळेत चूल पेटली. २०१५ च्या नियमांनी आणि सूचनांनी सांगितलं की वाढण्याआधी शिक्षकाने आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याने चव घ्यावी, शिवाय नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावेत. यातली जीभ फुकट मिळते. तेवढी आम्ही ताबडतोब लागू केली.

पण साहेब, जिभेला ग्रॅम मोजता येत नाहीत. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल मिळायला हवं. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. तांदूळ सात-आठ ग्रॅम देतो, उरलेली डाळीतून यायची. डाळ निम्मी करा, पाणी वाढवा, मीठ-मिरची चढवा. प्रथिनं गेली, चव राहिली. वर घरून आणलेली शेंगाचटणी टाकली, की वरणात डाळ आहे की डाळीची आठवण, हे सोलापुरी जिभेलाही सांगता यायचं नाही.

डाळ कुठे जाते, याची चौकशी नको. तांदूळ वेगळा मिळतो. बाकी डाळ, तेल, भाजी, मसाला, इंधन मिळून अशा एका पोरामागे दिवसाला मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे. आमच्या हायवेवर तेवढ्यात कटिंग चहा मागून बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबला. द्यायचं तर लोकसहभागातून द्या, असं ठरलं. अंडं गेल्याची नोंद आपल्याकडे नाही. न वाढलेल्याची चव लिहायला रकाना कुठाय?

जीभ कधी खरं बोलत नाही असंही नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या गंडामन गावात शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. तेलाबद्दल स्वयंपाकिणीने शंका काढली होती, असं तेव्हा बातम्यांत आलं. तिला कळलं होतं. पण तिच्या कळण्याने पातेलं थांबत नाही. आमच्या गेटवर साधा केमिस्ट 'रिजेक्ट' म्हणाला तर टँकर परत फिरतो. महिन्याला २५०० रुपये मानधनावर, तेही वर्षातले दहाच महिने, राबणाऱ्या मावशींनी 'आज वाढू नका' म्हटलं तर कोण फिरेल? बहुधा मावशीच.

आता कबुली देतो. मी त्या शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. गेल्या गुरुवारी शाळेत गेलो, तर आपल्या पानावर शनिवारपर्यंत 'चव चांगली' लिहून तयार. शनिवारचं धान्य अजून पोत्यात होतं. मी हसलो, चहा घेतला आणि तिन्ही दिवसांखाली सही ठोकली. कारखान्यात न तपासलेल्या बॅचवर अशी सही केली असती, तर दुसऱ्या दिवशी ओळखपत्र जमा करावं लागलं असतं. शाळेत माझे आभार मानले गेले.

तरी विनंती, की पुढच्या पानावर मावशींसाठी एक रकाना आखावा : 'आज पातेल्यात डाळ किती गेली?' सबंध शाळेत हे त्यांनाच ठाऊक असतं आणि त्यांचीच सही आपण कधी घेतलेली नाही.

आपला,
एक सही करणारा पालक

सोबत : शनिवारची सही परत मिळण्याबाबतचा अर्ज.