एक जूनची किल्ली

महाराष्ट्रातल्या खेड्यात शिकून आता साठी ओलांडलेल्या माणसांना जन्मतारीख विचारा. कितीतरी जण एक जून सांगतील. शाळा जूनमध्ये उघडायची, घरात जन्माची नोंद नसायची आणि वय बसावं म्हणून गुरुजी दाखल्यावर एक जून लिहून मोकळे व्हायचे. दरवर्षी ३१ मे रोजी झेडपीपासून महापालिकेपर्यंत निरोप समारंभांची रांग लागते ती त्यामुळेच. ही गोष्ट अख्ख्या राज्याला ठाऊक आहे. तरीही त्याच जन्मतारखेवर आपल्या बँका ग्राहकाच्या कागदपत्रांची राखण सोपवतात.

महिन्याचं स्टेटमेंट ईमेलवर येतं. मजकुरातच सूचना असते: फाइल उघडण्यासाठी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचा दिवस-महिना टाका. सगळ्याच बँकांचा नियम असा नाही, पण बऱ्याच बँका आणि विमा कंपन्यांचा असाच किंवा याच्या जवळपासचा असतो. ई-आधारची पीडीएफ नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष टाकलं की उघडते. प्राप्तिकर खात्याचं वार्षिक माहितीपत्रक पॅन क्रमांक आणि जन्मतारखेवर उघडतं. कुलूप आणि किल्ली कुठे ठेवलीय याची चिठ्ठी, दोन्ही एकाच पाकिटात.

जरा हिशेब करू. वर्षात दिवस फार तर ३६६. नाव बहुतेकांच्या ईमेलच्या पत्त्यातच असतं. एटीएमवर पिन तीनदा चुकला की कार्ड अडतं, पण पीडीएफ कितीही वेळा चुकलं तरी अडत नाही. ती एकदा चोराच्या संगणकावर पोचली की एखादा साधा प्रोग्राम ३६६ तारखा डोळ्याचं पातं लवायच्या आत लावून बघतो. आधारच्या जन्मवर्षासाठी तर शंभरेक आकडे पुरे होतात. आणि ज्याच्या दाखल्यावर एक जून आहे, त्याचं स्टेटमेंट उघडायला चोराला बहुधा दुसरा प्रयत्नही लागायचा नाही.

तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहा. मावशी येतात, मोबाइलमधली आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात. तो संगणकावर फाइल उघडतो आणि विचारतो, ‘‘पासवर्ड?’’ मावशी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं नाव आणि जन्मसाल सांगतात. प्रिंट निघते, पैसे दिले जातात, मावशी जातात. फाइल मात्र तिथल्या डाउनलोडच्या फोल्डरमध्येच राहते, आधीच्या शेकडो फायलींच्या सोबतीला. मावशींचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी यंत्रणेने शिकवलं तेच केलं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची प्रत कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ वापरा, असं पत्रक काढलं होतं. दोनच दिवसांत केंद्राने ते मागे घेतलं. कारण काय, तर लोकांचा गैरसमज होईल. सल्ला शहाणपणाचा होता. तो मागे घेण्याऐवजी गावोगावी पोचवायला हवा होता.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही, आणि ती आधीच फुटलेली आहे. बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचं २०२० मध्ये उघड झालं. त्यात जन्मतारखा होत्या. २०२१ मध्ये एअर इंडियाने जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटल्याचं कळवलं. त्यातही जन्मतारखा होत्या, पासपोर्टचे तपशील होते. २०२४ मध्ये स्टार हेल्थच्या विमाधारकांची कागदपत्रं आणि वैद्यकीय अहवाल टेलिग्रामवरच्या बॉटमधून कुणालाही मिळत होते. त्याशिवाय चौकाचौकांतले वाढदिवसाचे फ्लेक्स आहेतच. इतकी उघडी गोष्ट राखणदार म्हणून उभी करणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

याचा दुसरा परिणाम मला जास्त सलतो. पासवर्ड म्हणजे नाव आणि तारीख, हे वळण या संस्थांनीच लोकांना लावलं. वर्षानुवर्षं तसेच पासवर्ड टाकणारा माणूस स्वतःच्या ईमेललाही मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल लावतो आणि तोच पासवर्ड वीजबिलापासून शेअरच्या खात्यापर्यंत सगळीकडे चालवतो. चोराला एवढंच हवं असतं. एका दुकानाच्या साइटवरून फुटलेली ईमेल आणि पासवर्डची जोडी तो शेकडो साइट्सवर आपोआप लावून बघतो, आणि जिथे लागते तिथे आत शिरतो. २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकन कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे चोरीला गेले. कंपनीने ते साध्या अक्षरांत साठवले होते. त्यांत सर्वांत लाडका पासवर्ड होता १२३४५६. ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांच्या हाताशी असते.

ऑफिसांचा दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलण्याचा सोसही थांबला पाहिजे. त्यातून गणेश@१ चा गणेश@२ होतो, बाकी काही होत नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदला. आणि नवा पासवर्ड आधी फुटलेल्यांच्या यादीत आहे का, ते तपासा.

कायदा काय म्हणतो? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न राखणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. उलट, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं ४३ए हे कलमच तो वगळतो. नुकसान मावशींचं आणि दंड दिल्लीला, हा न्याय मला मान्य नाही.

कायदा सुधारेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. सुरुवात ईमेलपासून करा. ‘पासवर्ड विसरलात?’ म्हटलं की बहुतेक खात्यांच्या चाव्या तिथेच येतात. ते खातं गेलं की बाकीची गेलीच. त्याला दुसरीकडे कुठेही न वापरलेला, लांबलचक पासवर्ड लावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले तरी चालतात. म्हण नको, गाण्याची ओळ नको, देवाचं नाव नको. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. बाकीच्या खात्यांचे पासवर्ड फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरला बनवू द्या आणि लक्षातही त्यालाच ठेवू द्या. आईवडिलांना ते जमत नसेल, तर वहीत लिहून वही कपाटात ठेवायला सांगा. वहीत लिहू नका हा सल्ला ऑफिसच्या टेबलासाठी ठीक आहे. परदेशात बसलेला चोर लातूरच्या कपाटातली वही वाचू शकत नाही, पण सगळीकडे चालणारा एकच पासवर्ड त्याला एका फटक्यात मिळतो. आपला पत्ता एखाद्या जुन्या चोरीत सापडलाय का, हे ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाच्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर फुकट बघता येतं. पैसे गेलेच, तर बँकेला कळवा आणि लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवा.

आणखी एक करा. पुढचं स्टेटमेंट आलं की बँकेला, विमा कंपनीला लेखी कळवा: माझ्या कागदाचा पासवर्ड माझ्या नावाचा आणि जन्मतारखेचा नको, तो मला ठरवू द्या. एका पत्राने काही हलणार नाही, पण हजारो पत्रं आली तर उत्तर द्यावंच लागेल. पत्राची पोच मात्र मागून घ्या.