दोन वाट्यांचा हिशेब

राळेगावच्या बसस्टँडजवळच्या टपरीवर मध्यंतरी गोड बातमी आली : कापूस घेणाऱ्या शेठचे गुडघे गेले. दोन्ही. "पाह्यलं का भाऊ," चहावाला म्हणाला, "क्विंटलमागं दोन किलो कट्टी कापे, देवानं दोन वाट्याच कापल्या!" बाकावरच्या पाचही जणांनी तृप्त माना हलवल्या. एकानं तर सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.

कर्माच्या फळावर विश्वास असला की मनाला धीर येतो म्हणतात. येतोच. फक्त बाकावर त्या दिवशी जो आला, त्याला साध्या भाषेत सूड म्हणतात. हात आपले मळत नाहीत, एवढीच सोय.

मला मात्र त्या वाट्या सुटेनात. कापसाचा भाव सात हजार धरा. दोन किलोचे झाले १४० रुपये. वाट्या बदलायला पाच लाख धरा. म्हणजे साधारण साडेतीन हजार क्विंटलांची कट्टी. हंगाम बरा असला तर संक्रांतीच्या आत वसूल. शेठ नागपूरला आठवडाभर एसीत पडून आला, आता कापसाच्या गंजीवर पहिल्यापेक्षा चपळ चढतो. फळ त्याला मिळालं, बिल आपण भरलं. आणि वेचणीला वाकून वाकून चाळिशीतच ज्या बायांचे गुडघे बोलायला लागतात, त्यांनी कुणाची कट्टी मारली होती? उत्तर तयार असतं : मागच्या जन्मीचं. शेठचा हिशेब याच जन्मी रोखीत, आपला मागल्या जन्मीच्या उधारीत! २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. डोक्याला लागणारी पऱ्हाटी, हातात मोजा नाही, तोंडाला नुसता दुपट्टा. (आमच्याकडे त्या विषालाही औषधच म्हणतात.) तेव्हाही याच बाकावर ऐकलं, "ज्याचं त्याचं प्रारब्ध." कसलं प्रारब्ध? डब्यावरची बारीक अक्षरं मजुराला कुणी वाचून दाखवली नाहीत, हे त्याचं प्रारब्ध?

कट्टीविरुद्ध एका कागदावर अर्ज करता येतो. मी तसं सुचवलं. "कशाले?" पाचही जण म्हणाले, "वरचा पाहून राह्यला ना."

काल काट्यावर गेलो. शेठ टुणटुणीत. बंडीवाल्यानं त्याची चाल बारकाईनं न्याहाळली आणि माझ्या कानाशी लागला, "आता कंबर जाईन, पाहा."

तेवढ्यात त्याच्या कापसातले दोन किलो गेले.