चार्जर ऐंशीचा, तार बारीक

अमेरिकेत सुट्टी लागली की लोक घराला कुलूप लावतात आणि दुसरं घर चाकांवर घेऊन निघतात. आरव्ही म्हणतात त्याला. आत फ्रीज, टीव्ही, मायक्रोवेव्ह. निसर्गाच्या सान्निध्यात राहायचं असतं ना!

कॅम्पग्राउंडच्या खांबावरची १२० व्होल्टची वीज घेऊन १२ व्होल्टची बॅटरी भरणारा डबा म्हणजे कन्व्हर्टर. त्याचा पंखा रात्री घरघरेपर्यंत तो आहे हेही कुणाला ठाऊक नसतं.

आता टूम लिथियम बॅटरीची. वजन जुन्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी, पाणी घालायला नको, निम्म्याखाली उतरली तरी रुसत नाही. किंमत ऐकून मालक रुसतो.

मग चार्जर? ‘जुना चांगला चालतोय की!’

इथेच घोडं पेंड खातं. जुना कन्व्हर्टर बराच वेळ १३.६ व्होल्टवर रेंगाळतो. या नव्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला झटपट भरायला १४.४ ते १४.६ लागतात.

म्हणून नवा घ्यायचा. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘लिथियम रेडी’. व्होल्ट किती? ते पुस्तिकेत, बारीक अक्षरांत.

५५ अँपिअरचा की ८०चा? अर्थात ८०चा! शेजाऱ्याकडे ५५चा आहे.

तारा मात्र जुन्याच, बारीक. चार्जर १४.६ सोडतो, अर्धा व्होल्ट वाटेतच गळतो, तारा तापतात ते वेगळंच. शिव्या कुणाला? चार्जरला. जखम मांडीला, मलम शेंडीला.

आणि १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीला ८० अँपिअर झेपतात का? बॅटरीच्या कागदावर लिहिलेलं असतं.

कागद कोण वाचतो?

थंडीत आणखी मजा. पारा शून्याखाली असताना लिथियम चार्ज केली तर आत धातूचा थर साचतो आणि बॅटरी कायमची अधू होते. म्हणून बॅटरीची राखणदार यंत्रणा, शहाणी बीएमएस, चार्जिंगच तोडते. मालक कुडकुडत दुकानात फोन लावतो: चार्जर बदलून द्या!

मुळात ही घाई कुणाला? जंगलात जनरेटर लावणाऱ्याला. बॅटरी भरेपर्यंत त्याचं पेट्रोल जळतं आणि शेजारचा तंबू डोळे वटारतो. त्याने चार्जर जरूर बदलावा, तारांसकट.

रोज रात्री खांबाला गाडी जोडणाऱ्याची बॅटरी १३.६वरही सकाळपर्यंत बऱ्यापैकी भरते. उलट, दिवसरात्र काठोकाठ भरलेलं राहणं लिथियमलाच मानवत नाही. म्हणजे १४.६वर अडून बसणारा महागडा चार्जर या गृहस्थाच्या बॅटरीचं आयुष्य खाणार.

गाडी कुठे उभी करता, एवढं विचारलं असतं तर दुकानदाराला हे सांगता आलं असतं.

विचारेल कशाला?