पीआरएन टाका आणि निर्भयपणे लिहा

प्रति,
विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचे निर्माते,
आमचं कॉलेज, सोलापूर.

आदरणीय सर,


तुमचा गुगल फॉर्म मिळाला. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खाली सूचनाही होती : संध्याकाळपर्यंत भरा, स्क्रीनशॉट टाका, नाहीतर हॉल तिकीट मिळणार नाही. समाधानाची इतकी कडक वसुली पतसंस्थाही करत नसतील.

पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात पीआरएन, म्हणजे आमचा कायमचा नोंदणी क्रमांक, आणि त्याखाली, ‘माहिती गोपनीय राहील, निर्भयपणे लिहा.’ इंटर्नलचे गुण ज्यांच्या हातात, त्यांच्याबद्दलच मत द्यायचं आणि ते वाचणारही तेच. मग काय, आम्ही अत्यंत निर्भयपणे सगळीकडे ‘उत्तम’ लिहिलं.

प्रश्न तुम्ही कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या संचातून जसेच्या तसे उचललेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. २०१७च्या नव्या पद्धतीपासून देशभर तेच वीस आणि वर एक मोकळा असे प्रश्न फिरतात. पहिलाच बघा : अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला? ८५ ते १००, ७० ते ८४, असे पर्याय. सर, जो भाग शिकवलाच नाही तो केवढा होता, हे आम्हाला कोण सांगणार? पुढे विचारलंय, प्रोजेक्टरसारखी साधनं किती टक्के शिक्षक वापरतात. म्हणजे आधी सगळ्या कॉलेजची शिरगणती आम्हीच करायची.

इंटर्नशिप, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण आणि क्षेत्रभेट हे तिन्ही मिळून एकच प्रश्न. आमची क्षेत्रभेट यंत्रमाग कारखान्यात झाली, जिथे आमच्याच वर्गातली काही मुलं रात्रपाळी करतात. त्यांनी तर जेवणाचा डबाही सोबत आणला होता. बाकी दोन गोष्टी आम्ही पाहिलेल्या नाहीत. मग खूण कुठे करायची? या पाच पर्यायांच्या मोजपट्टीला ज्याचं नाव चिकटलं, त्या रेन्सिस लिकर्टनं १९३२ सालीच बजावलं होतं, की एका विधानात दोन गोष्टी कोंबू नका. तुम्ही तीन कोंबल्या, म्हणजे त्याचं ऐकलंच म्हणायचं.

फॉर्म इंग्रजीत होता. घरी तेलुगू, शेजारी कन्नड, वर्गात मराठी अशा शहराच्या पूर्व भागातल्या मुलीला ‘एक्स्पिरिएन्शियल लर्निंग’ विचारलंत तर ती काय करणार? ग्रुपवर लगेच तोडगा निघाला : कळत नसेल तिथे पहिला पर्याय दाबा. आणि पहिला पर्याय नेमका सगळ्यात चांगला! तुमचा निकाल उगाच नाही इतका देखणा आला.

खरी गंमत पुढेच आहे. फॉर्म ग्रुपवर असलेल्यांनाच गेला. पहिल्या वर्षानंतर आईसोबत विड्या वळायला बसलेली मैत्रीण आता ग्रुपवर नाही. कॉलेज का सोडलं, हे तिच्याइतकं नेमकं कोण सांगेल? पण सोडलेल्यांचं समाधान मोजायला रकानाच नाही. नॅकच्या २०१७च्या पद्धतीत कॉलेजकडून १० टक्के विद्यार्थ्यांची किंवा १०० उत्तरं, यांपैकी जे कमी असेल तेवढं पुरत होतं. अर्थात नुसती संख्या वाढवूनही भागत नाही. १९३६ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त उत्तरं आली होती आणि त्यांच्या जोरावर त्यांनी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं जिंकले. कुणाला विचारलं आणि कुणी उत्तर दिलं, तिथेच घोळ झाला होता.

तुमची अडचण कळत नाही असं नाही. नाव काढलं तर एकच मुलगा पाचदा फॉर्म भरेल. मोकळे प्रश्न वाढवले तर ते वाचणार कोण? आणि नावडत्या विषयाचा राग शिक्षकांवर काढणारेही आमच्यातच आहेत. चांगल्यातला चांगला फॉर्मसुद्धा मुलांच्या मनातलं सगळं सांगणार नाही. पण निदान जे सांगितलं ते तरी वाचावं.

कारण एकविसावा प्रश्न मोकळा होता : सुधारणेसाठी तीन सूचना द्या. गेल्या वर्षी आम्ही वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवा, असं लिहिलं. यंदाही तेच लिहिलं. वाचनालय अजून चारलाच बंद होतं. सूचना फलकावर समाधानाचा रंगीत आलेख मात्र वेळेवर लागला. त्या आलेखाशेजारी आमच्या सूचनांची यादी लावा आणि प्रत्येकीपुढे ‘केलं’, ‘करणार नाही’ किंवा ‘पैसे नाहीत’ एवढंच लिहा. तीन पर्याय आहेत, पाचही लागणार नाहीत. उत्तर अनिवार्य समजावं. पीआरएन टाकायची गरज नाही.

आपली नम्र,
टी. वाय. बी. कॉम.ची एक ‘पूर्ण समाधानी’ विद्यार्थिनी