वरेंग्याचा वतनदार

जव्हारच्या एसटी स्टँडजवळ त्याचं रिचार्जचं दुकान आहे. कव्हर, चार्जर, स्क्रीनगार्ड, शिवाय सातबाऱ्याची झेरॉक्स. गिऱ्हाईक आलं की तो आधी हातातला फोन बघतो, मग तोंड. फोन दोन जीबी रॅमचा निघाला की स्टूल पुढे सरकवतो. "लाइट खेळायचात का?" हो म्हणालात, तर मोखाड्याची गाडी गेलीच समजा.

लाइट म्हणजे पबजी मोबाइल लाइट. भारतात आली जुलै २०१९ मध्ये. मोठ्या पबजीत शंभर जण उतरायचे, हिच्यात साठ, तेही वरेंगा नावाच्या छोट्याशा बेटावर. पण वीटभट्टीच्या कमाईतून जो फोन घरात येतो, त्यावर ती चालायची, आणि इकडच्या पोरांना तेवढं पुरे होतं. वरेंग्यातलं कुठलं घर कुठे, हे तो झोपेतही सांगेल. म्हणून तर सगळे त्याला वतनदार म्हणतात.

जव्हार संस्थान कधी खालसा झालं ते त्याला विचारू नका. त्याच्या लेखी राज्य बुडालं ते ३० ऑक्टोबर २०२० ला. २ सप्टेंबरला सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात मोठी पबजी होती नि लाइटही. ऑक्टोबरअखेर सर्व्हर बंद. पुढच्या २ जुलैला मोठी पबजी बीजीएमआय हे नाव लावून परतली. लाइट मात्र आलीच नाही. "थोरल्याला नाव बदलून घरात घेतलं, धाकटा अजून ओट्यावर," असं तो म्हणतो, आणि अन्याय आपल्याच भावकीत झाल्यासारखा घोटभर पाणी पितो.

बीजीएमआयला तो हात लावत नाही. जुलै २०२२ मध्ये तीही स्टोअरवरून गेली, तेव्हा त्याने शेजारच्या टपरीवर सगळ्यांना कटिंग पाजला. मे २०२३ मध्ये ती परत आली. त्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं.

राहिलं ते फक्त संगीत. गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये काच तडकलेला एक फोन असतो. दुपारी गर्दी ओसरली की तो फडक्याने पुसून लाइट उघडतो. ढोल घुमतात, वर तंतुवाद्यं चढत जातात. सर्व्हरचा निरोप पडद्यावर यायच्या आत बंद, की पुन्हा पहिल्यापासून. पबजीची मूळ चाल टॉम साल्टा या अमेरिकन संगीतकाराची. त्यांचं नाव घेताना हा कानाच्या पाळीला हात लावतो. मला विचाराल तर पौराणिक मालिकेत राक्षस येताना वाजतं, त्यातलंच ते वाटतं. पण झेरॉक्स त्याच्याकडेच काढायची असते, तेव्हा मी मान डोलावतो.

यंदा मोखाड्याच्या बोहाड्याला तो हाच फोन घेऊन गेला. मुखवटे घालून सोंगं नाचत होती. मध्येच संबळवाले बिडी प्यायला बसले, तसा हा एका म्हाताऱ्याच्या कानाला फोन लावून उभा राहिला.

"बाबा, हे वाजवता येईल का?"

म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकलं. बोटं मांडीवर दोनदा आपटली. "वाजंल की. पण सोंग कोणतं?"

"हेल्मेट. लेव्हल थ्रीचं."

"सोंगाचा मान घराण्यात असतो पोरा. हे कोणाच्या घरात?"

"माझ्या," वतनदार बेधडक म्हणाला.

"बरं. आणि ते सोंग करतं काय?"

"उरलेल्या एकोणसाठ जणांना मारतं."

म्हाताऱ्याने बिडी विझवून कानावर ठेवली. "आमची जगदंबा एका म्हैसासुराला मारते, तरी उजाडतं. तुझे एकोणसाठ कधी व्हायचे?"