रंगवलेलीच चित्रं

मुलुंड पूर्व, मिठागर रोड. ए आणि बी विंगमधली बुटकी भिंत. सकाळचे अकरा.

"काकू, तुमच्या कुंडीतली माती कमी दिसली तर ओरडू नका हं. आमच्या धाकट्याने नेलीय किल्ल्याला."

"नेऊ दे गं. बोर्डावरची नोटीस वाचलीस का? 'किल्ले स्पर्धेत फक्त रंगवलेली चित्रं चालतील.'"

"वाचली ना! तेव्हापासून डोकं फिरलंय. पोरगा चार दिवस शाडू मळत होता. बारा मावळे केलेत हाताने. एकाची ढाल म्हणजे बाबांच्या शर्टाचं बटण. एकाचं नाक पडलं, तर म्हणतो, लढाईत गेलं."

"मग रंगव की."

"कसे? यंदा दिवाळीतही आभाळ भरलेलं. मावळे ओलेच आहेत. ओल्यावर रंग दिला की पोपडे. आणि परीक्षक उद्या संध्याकाळी येणार."

"आणि आमच्या विंगचा प्रतापगड बघ! पाटीवर तारीख अगदी बरोब्बर, १० नोव्हेंबर १६५९. पण चित्रं सगळी स्टेशनबाहेरून आणलेली, प्लास्टरची. महाराजांना लिपस्टिक, मावळे सगळे जुळे भाऊ, खानाच्या बाजूलाही तेच. वाघ तर बुरुजाहून मोठा."

"पण रंगवलेले!"

"हो ना. माझा भाचा इंग्लंडात नॉटिंगहॅमला असतो. तिथली मोठाली माणसं टेबलावर असली सैन्यं मांडून लढतात. वॉरहॅमर म्हणतात त्याला. ते बनवणारी कंपनी तिथलीच. २०२० साली त्यांनी नियम केला, पूर्ण फौज रंगवलेली असेल तर १०० पैकी १० गुण."

"म्हणजे तिथेही हीच कटकट?"

"छे गं. तिथे शिपाई मिळतो कोरा, करड्या प्लास्टिकचा. सुटे भाग चिकटवायचे, रंगही आपणच द्यायचा. रंग दिसला की हाताची मेहनत दिसली. आपल्याकडे रंग दिसला की बापाचं पाकीट."

"हे कमिटीला कोण सांगणार? आमचा मेंटेनन्स थकलाय."

"मी सांगते. रंगाला दहा द्या म्हणावं, पण कोऱ्याला हाकलू नका. तसा नियम अगदीच वेडा नाही हं. गेल्या वर्षी एकाने चार ढेकळं ठेवून फौज म्हणून सांगितली होती. बरं, किल्ल्यावर अहळीव पेरलेत ना?"

"उगवलेत पण. त्यावर मांजर झोपतं. काकू, रांगोळीचा गेरू उरलाय का थोडा?"

"आहे वाटीभर. पाण्यात कालवू नकोस, ओल्या शाडूवर कोरडाच बोटाने चोळ. पगड्यांपुरता होईल. आणि तो नाक गेलेला आधी मला दाखवायला आण."